डेझिग्नेशनचं नवं बारसं

‘मग, सध्या काय आहेस तू तिकडे?’ मावशीच्या या प्रश्नाला ‘सीनिअर कन्सल्टंट’ म्हटलं की विषय संपतो. कन्सल्टंट म्हणजे काय हे तिला कळत नाही, पण ‘सीनिअर’ कळतं. तेवढं पुरतं. आता ‘एल ४५’ असं उत्तर देऊन बघा. बसचा नंबर की चष्म्याचा, असा गोंधळ होणार!

डेलॉइटच्या अमेरिकेतल्या मंडळींपुढे हा पेच आलाय. तिथल्या एक लाख ऐंशी हजारांहून जास्त लोकांची पदं नव्याने मांडायची, असं २०२६च्या सुरुवातीला जाहीर झालं. मुहूर्त १ जून २०२६चा. अ‍ॅनालिस्ट, कन्सल्टंट, मॅनेजर ही वर्षानुवर्षांची शिडी मोडून प्रत्येकाला कामाच्या ‘फॅमिली’त बसवायचं, असा फंडा. मग कुणी ‘सॉफ्टवेअर इंजिनीअर ३’, तर कुणी ‘सीनिअर कन्सल्टंट, फंक्शनल ट्रान्सफॉर्मेशन’. ऑफिसात मात्र नंबर : सीनिअर कन्सल्टंट म्हणजे एल ४५, मॅनेजर म्हणजे एल ५५. वरच्या मजल्यावर ‘लीडर्स’ नावाची नवी पायरी. आणि रोजचं काम? तेच. पगाराचं धोरण? तेही तेच!

म्हणजे नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा? अगदी तसंही नाही हं. कन्सल्टिंग फर्ममध्ये दिवसभर कोड लिहिणाऱ्याला विचारा. कार्डावर ‘कन्सल्टंट’ असल्यामुळे इंजिनीअर शोधणाऱ्या रिक्रूटरला तो सापडतच नाही. त्याच्यासाठी नवं नाव म्हणजे लॉटरी. रडवेला होतो तो चार वर्षं ‘मॅनेजर’ या एका शब्दासाठी वीकएण्ड जाळलेला. पायरी जवळ आली आणि शिडीच बदलली, बॉस!

नावाचं वेड एकट्या डेलॉइटला नाही. अ‍ॅक्सेंचरने २०२५मध्ये आपल्या लाखो कर्मचाऱ्यांना ‘रीइन्व्हेंटर’ म्हणायला सुरुवात केली. डिस्नेचे ‘इमॅजिनिअर’ तर कित्येक दशकांपासून आहेत. पण ते थीम पार्क बनवतात, त्यांना शोभतं. एक्सेल शीट भरणाऱ्याने स्वतःला रीइन्व्हेंटर म्हणवून घ्यायचं म्हणजे जरा जास्तच झालं.

हिंजवडी-खराडीतल्या जनतेला यात नवल वाटणार नाही. बी १, सी २, लेव्हल ९ या भाषेत आपल्याकडे कँटीनमध्ये गप्पा चालतात. नंबर ऐकला की समोरच्याचा पगार मनातल्या मनात काढता येतो. पण गेटाबाहेर त्या नंबराला कोण विचारतो? पगार आपण कुणाला सांगत नाही, डेझिग्नेशन सगळ्यांना सांगतो. लग्नाच्या बायोडेटात, लिंक्डइनवर आणि पुढच्या इंटरव्ह्यूत तेच जातं.

खरी मेख पुढच्या नोकरीच्या वेळी कळते. सीव्हीवर तुम्ही लिहिलंत ‘मॅनेजर’, रिलिव्हिंग लेटरवर छापलंय भलतंच. बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनवाला दोन्ही कागद शेजारी ठेवतो आणि जॉइनिंग लटकतं. एच-१बी वर असलेल्यांच्या पोटात आणखी मोठा गोळा, कारण व्हिसाच्या कागदांवर पदाचं नाव असतं. काम तेच राहून नुसतं नाव बदललं तर सहसा नवा अर्ज लागत नाही. पण नव्या ‘फॅमिली’सोबत कामही सरकलं, तर वकिलाला विचारलेलं बरं.

तेव्हा तुमच्या ऑफिसात असं बारसं निघालं, तर पेढे वाटण्याआधी (किंवा कँटीनमध्ये शिव्या घालण्याआधी) एचआरकडून एक पत्र मागून घ्या. त्यात जुनं पद, नवं पद, बदलाची तारीख आणि तुम्ही प्रत्यक्षात काय काम करता त्याच्या चार ओळी हव्यात. जुनी प्रमोशन लेटर्स ऑफिसच्या लॅपटॉपवर पडून असतील, तर त्यांची प्रिंट काढून घरच्या फाइलला लावा. आणि सीव्हीवर अधिकृत पद जसंच्या तसं लिहा, त्याचा अर्थ खालच्या ओळीत. मावशीला मात्र ‘सीनिअर’च सांगा.