स्थावर गुंतवणूक : नेहमीचे प्रश्न
लेखांक 7 – स्वस्त गुंठ्याचा हिशेब

मागील लेखांकात बांधीव सदनिकेचा विचार झाला. या आठवड्यात शहरालगतच्या मोकळ्या प्लॉटकडे वळायचे असून, त्यासाठी बेळगावच्या उत्तरेस राष्ट्रीय महामार्ग 48 लगत वसलेले, कित्तूरच्या राणी चन्नम्मांचे माहेर असलेले काकती हे गाव नमुना म्हणून घेता येते. एका बाजूने शहर आणि दुसऱ्या बाजूने होनग्याची औद्योगिक वसाहत अशा कात्रीत असलेल्या गावात शेतजमिनीचा भाव एकराऐवजी गुंठ्यावर बोलला जाऊ लागतो, आणि मग ग्राहकाला काही ठरावीक प्रश्न पडतात.

शेजारशेजारच्या दोन प्लॉटांच्या भावात एवढे अंतर का?
एकरात 40 गुंठे आणि गुंठ्यात 1089 चौरस फूट असतात. रीतसर ले-आउट पाडायचा तर कर्नाटक भूमहसूल कायदा, 1964 च्या कलम 95 नुसार जमीन बिनशेती करून घ्यावी लागते, नगरविकास प्राधिकरणाची, म्हणजे बेळगावात ‘बुडा’ची, मंजुरी घ्यावी लागते, आणि रस्ते, उद्यान व नागरी सोयींसाठी जागा सोडावी लागते, त्यामुळे 40 गुंठ्यांचा खर्च विक्रीस उरलेल्या थोड्या गुंठ्यांवर पडतो. ‘बॉन्डवरचा प्लॉट’, म्हणजे केवळ मुद्रांक कागदावरील विक्री करारावर दिलेला प्लॉट, विकणारा शेतातून गाडीवाटेपुरती पट्टी सोडून बाकी सारे विकतो, म्हणून त्याचा भाव उतरतो. न केलेल्या रस्त्या-गटाराचा खर्च मात्र टळत नाही, तो खरेदीदाराच्या पुढच्या वर्षांवर ढकलला जातो.

बॉन्ड म्हणजे खरेदी होते का?
होत नाही. मालमत्ता हस्तांतरण कायदा, 1882 च्या कलम 54 नुसार विक्रीचा करार स्वतः मालकी देत नाही. ती नोंदणीकृत खरेदीपत्रानेच मिळते. करार व मुखत्यारपत्र यांच्या जोरावर झालेले व्यवहार मालकी देत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये सुरज लॅम्प प्रकरणात स्पष्ट केले आहे. 2020 मध्ये भूसुधारणा कायद्यातील 79-अ व 79-ब ही कलमे रद्द झाल्याने बिगरशेतकऱ्यालाही शेतजमीन घेता येते, हे खरे. परंतु घेण्याची मुभा म्हणजे घर बांधण्याची परवानगी नव्हे.

उताऱ्यावर विकणाऱ्याचे नाव आहे, तेवढे पुरे का?
उतारा, म्हणजे पहाणी किंवा आरटीसी, हा महसुली कागद आहे. त्याच्या 9 व्या रकान्यात खातेदार, 10 व्यात जमीन कशी आली ते आणि 11 व्यात इतरांचे हक्क व बोजे असतात. ग्राहक बहुधा 9 व्या रकान्यावर थांबतो, आणि सोसायटीचे कर्ज 11 व्यात असते. सर्व्हे नंबरातील काही भागच विकायचा असेल तर 11-ई नकाशा, म्हणजे त्या भागाचा मोजणी नकाशा, लागतो. जमीन वडिलोपार्जित असल्यास 2005 च्या दुरुस्तीने हिंदू वारसा कायद्यात मुलींना मिळालेला जन्मजात हक्क लक्षात घेऊन बहिणींच्या सह्या पाहाव्या लागतात.

सीमाभागात आणखी एक अडचण येते. 1956 पर्यंत हा जिल्हा मुंबई राज्यात असल्याने अनेक जुने कागद मराठीत, काही मोडीत आहेत, तर आजचे खरेदीपत्र व उतारा कन्नडमध्ये असतो. म्हणून मराठी खरेदीदाराने दोन्ही जाणणाऱ्या वकिलाकडून कागद वाचून घेतल्याशिवाय सही करू नये.

ग्रामपंचायतीत नोंद असेल तर?
ई-स्वत्तू प्रणालीतून नमुना 9 व 11-अ मिळाल्यास नोंद नियमित समजावी. 11-ब हा अनधिकृत मिळकतीच्या नोंदीचा कागद आहे, आणि कर भरल्याने तो दोष जात नाही. तसेच 500 चौरस मीटरहून, म्हणजे साधारण पाच गुंठ्यांहून, मोठ्या ले-आउटला 2016 च्या रेरा कायद्याखाली नोंदणी सक्तीची आहे. लहानशा ले-आउटलाही ती मर्यादा सहज ओलांडली जाते.

संचकार, म्हणजे विसार, देण्याआधी स्वस्त गुंठ्याच्या किमतीत बिनशेतीचा, मोजणीचा आणि रस्त्याचा खर्च मिळवून पाहावा. त्यानंतर दोन भावांत जे अंतर उरेल, तीच खरी स्वस्ताई. पुढील लेखांकात बोजा दाखला कसा वाचावा, ते पाहू.

(क्रमशः)