चित्र बघू नका, ऐका!

गोव्याची ट्रिप ठरली की गाडी कुडाळ कधी मागे टाकते, कळतसुद्धा नाही. पुढच्या वेळी तासभर हाताशी ठेवा आणि कुडाळजवळच्या पिंगुळीत उतरा. इथल्या ठाकर समाजाने पिढ्यान् पिढ्या जपलेली एक कला आहे, चित्रकथी.

नावातच सगळं आलं. कागदावर पाण्यातल्या रंगांनी काढलेली रामायण-महाभारतातली चित्रं आणि ती दाखवत सांगितलेली कथा. दोन चित्रं पाठीला पाठ लावून चिकटवायची. अशा सुट्या पानांचा गठ्ठा म्हणजे ‘पोथी’. देवळात उत्सव असला की कथेकरी पोथी घेऊन बसायचा. एक चित्र समोर धरायचं, वीणा, टाळ, हुडूक यांच्या साथीने तो प्रसंग गाऊन सांगायचा, की पुढचं पान. आपल्या भाषेत स्टोरीबोर्डच! सिनेमा तेवढा समोर बसलेल्या गावकऱ्यांच्या डोक्यात चालायचा.

चित्रं जरा नीट बघा. बरेचसे चेहरे एका बाजूने, डोळे टपोरे, रेषा ठसठशीत, मागे डोंगर नाही की आभाळ नाही. पर्स्पेक्टिव्ह शोधायला जाल तर फसाल. मला तर वाटतं, दिव्याच्या उजेडात पार मागे बसलेल्या आजीलाही कळावं म्हणूनच ती अशी आहेत. राम कोण, रावण कोण, कोण कुणावर धावून जातंय, एवढं दिसलं की झालं. बाकीचं काम गळ्याचं.

गोची इथेच आहे. चित्र फ्रेम करून हॉलमध्ये लावता येतं, गाणं कसं लावणार? सावंतवाडी संस्थानाचा आश्रय गेला, घरोघरी टीव्ही आला, कथा ऐकायला बसणारे कमी झाले. पुण्याच्या राजा केळकर संग्रहालयात अशी जुनी चित्रं आहेत, ‘पैठण शैली’ म्हणून ओळखली जाणारी. सुंदर आहेत, पण मुकी.

पिंगुळीच्या परशुराम गंगावणेंनी मात्र घरच्या गुरांच्या गोठ्याचंच संग्रहालय केलं. २०२१ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. तिथे पोथ्या आहेत, कळसूत्री आणि चामड्याच्या बाहुल्या आहेत, आणि मुख्य म्हणजे कथा सांगणारी माणसं आहेत.

तेव्हा गेलात की लगेच मोबाइल काढू नका. आवडलेल्या चित्रावर बोट ठेवा आणि म्हणा, “काका, याची गोष्ट सांगा ना.”