चामड्याचा पक्षी बनवायचाय? आधी कोल्हापुरी चप्पल बघा

रीलमध्ये चामड्याचा खंड्या दिसतो. पिसं कोरलेली, पंख उघडलेले. पण जुनी बॅग कापून तो होत नाही. का?

बॅगा, जॅकेटं बहुतेक क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेल्या चामड्याची असतात. हे चामडं मऊ असतं. ओलं करून वाकवलं तरी वाळल्यावर आकार सोडतं. कोल्हापुरी चपलेचं चामडं बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावतात. असं चामडं ओलसर केलं की मातीसारखं वळतं, त्यावर रेघ उमटते आणि वाळल्यावर ते कडक होतं.

म्हणून आधी पिसांच्या रेषा कोरायच्या, तेही अर्ध्या जाडीपर्यंतच. खोल गेलं की पंख तिथेच दुमडतो. मग वाकवून वाळवायचं. रंग शेवटी, कारण रंगाखाली पाणी नीट मुरत नाही. पिसं शेपटीकडून डोक्याकडे चिकटवतात, कौलं वळचणीपासून चढवतात तशी.

सिंधुदुर्गातल्या पिंगुळीचे ठाकर कलावंतही चामडं कोरून रंगवतात. परशुराम गंगावणे यांना 2021 मध्ये पद्मश्री जाहीर झाली. त्या बाहुल्या मात्र मुद्दाम सपाट असतात: त्यांना पडद्यावर सावली पाडायची असते.