एक लाख साठ हजारांच्या अलीकडे

अडतीस लाख हा आकडा ऐकला म्हणून मी दादाबरोबर गाडी बघायला निघाले, एरवी गाड्यांत मला काडीचा रस नाही. दादा माझा मावसभाऊ, बंगळुरूला जयनगरच्या फोर्थ टी ब्लॉकात राहतो आणि मोठी खरेदी करायची म्हटली की आधी महिनाभर वहिनीचं डोकं खातो. गाडी एका जर्मन कंपनीची, विजेवर चालणारी, २०२१ साली सगळं मिळून एक कोटी दहा लाखांना घेतलेली. चार वर्षांत बहात्तर लाख रुपये कुठे गेले, एवढंच मला बघायचं होतं.

मीटरवर १,३८,००० किलोमीटर होते. जुनी गाडी घेताना आपला पहिला प्रश्न ‘किती पळालीय?’ हाच असतो आणि लाखाच्या वरचं उत्तर आलं की माणूस चहा पिऊन उठतो. दादा उठला नव्हता, कारण त्याला कुणीतरी विजेच्या गाड्या तपासणारे एक मामा गाठून दिले होते. या मामांच्या ‘हो’शिवाय त्याला एक पाऊल पुढे टाकायचं नव्हतं.

भारतात या श्रीमंती विजेच्या गाड्या यायला लागून अजून फार दिवस झालेले नाहीत. मर्सिडीजची ईक्यूसी ऑक्टोबर २०२० मध्ये ९९ लाख ३० हजारांना आली, जॅग्वारची आय-पेस मार्च २०२१ मध्ये, ऑडीची ई-ट्रॉन त्याच जुलैत. २०२२ पासून मर्सिडीज आपली ईक्यूएस चाकणलाच जोडायला लागली, तिची सुरुवातीची किंमत होती एक कोटी पंचावन्न लाख. पहिल्या हप्त्यातल्या त्या गाड्या आता चार-पाच वर्षांच्या झाल्यात आणि पहिले मालक कंटाळलेत. मधल्या काळात बॅटऱ्या स्वस्त झाल्या, नव्या गाड्या जास्त पल्ला द्यायला लागल्या, आणि जुन्यांचे भाव गडगडले. या पहिल्या तिन्ही गाड्यांच्या बॅटरीची हमी सारखीच आहे, आठ वर्षं किंवा एक लाख साठ हजार किलोमीटर, यांतलं जे आधी संपेल ते. एक लाख साठ हजार. त्या दोन दिवसांत हा आकडा मी इतक्या तोंडून ऐकला की रात्री अंथरुणावरही तोच आठवत होता.

मालकांचं घर अशोका पिलरच्या बाजूला होतं. जयनगर १९४८ साली आखलं गेलं. ब्लॉक, मेन आणि क्रॉस असे आकडे लक्षात ठेवले की परका माणूसही चुकत नाही, असं दादा म्हणतो आणि स्वतः दर वेळी एक क्रॉस पुढे जातो. रस्त्यावर जुन्या झाडांची गच्च सावली, अंगणात तुळस, तुळशीशेजारी भिंतीवर चार्जर आणि त्याखाली ती गाडी. पाटी हिरवी, अक्षरं पांढरी, सुरुवात केए-०५ने, म्हणजे नोंदणीही जयनगरचीच. मालक सत्तरीकडे झुकलेले कारखानदार, कारखाना तुमकुरूजवळ. रोज जायचं-यायचं दीडशे किलोमीटर. कॉफीचे पेले हातात देत त्यांनी तीन भाषांत मिळून एकच वाक्य पुन्हा पुन्हा सांगितलं: सगळे हायवेचे किलोमीटर आहेत. जुनी गाडी विकणारा प्रत्येक जण हेच सांगतो. दादाने माझ्याकडे बघितलं.

मामा मात्र मान डोलावत होते.

हे मूळचे बेळगावचे. उद्यमबागेत लेथवर उमेदवारी केली आणि २००१च्या सुमारास बोम्मसंद्रला रेवाच्या कारखान्यात लागले. चेतन मैनींची ती इवलीशी दोन दारांची गाडी आठवत असेल, लंडनमध्ये ती जी-विझ नावाने विकली जायची. पुढच्या सीटांखाली सहा-सहा व्होल्टच्या आठ लेड-ॲसिड बॅटऱ्या, पल्ला ऐंशी किलोमीटरच्या आसपास. त्यांत डिस्टिल्ड वॉटर भरत राहावं लागायचं. २०१० मध्ये महिंद्राने रेवा घेतली आणि पुढे केव्हातरी मामा बाहेर पडून स्वतंत्र झाले. “त्या ॲसिडचा वास अजून नाकात हाय बगा, ताई,” ते म्हणाले, “पर त्याचा एक फायदा हुता. बॅटरी बिघडली की आधी नाकाला कळायचं. हिला वासच न्हाई. मग करायचं काय?”

काय करायचं ते त्यांनी लगेच दाखवलं. स्कॅनर पिशवीतच राहिला. मामा मागच्या सीटवर बसले, सीटबेल्ट पार शेवटपर्यंत ओढला आणि त्याचं टोक नाकाशी धरून डोळे मिटले. मग पुढचा बेल्ट, मग दुसरा. मालकांना हे अपमानास्पद वाटत असावं, पण ते काही बोलले नाहीत. सप्टेंबर २०२२ मध्ये बंगळुरूत पाणी भरलं तेव्हा बेळंदूर, येमलूरच्या भागात कोट्यवधींच्या गाड्या बोनेटपर्यंत बुडाल्या होत्या. एप्सिलॉन वसाहतीतले फोटो देशभर फिरले. त्या गाड्या भंगारात गेल्या असं आपण समजतो. त्यांतल्या काही धुऊन-पुसून, गालिचे बदलून कुठे कुठे विकल्या गेल्या असणार, अशी मामांची खात्री आहे. “गालिचा बदलतेत, सीट बदलतेत. बेल्टचं रीळ कोन उघडून बगतंय? गाळ तितंच बसतोय.”

बेल्टला वास नव्हता. मामांनी मला हुंगायला दिला. नव्या कापडाचाही नाही, घामाचाही नाही, कसलाच नाही. इतक्या महागड्या यंत्राची पहिली परीक्षा नाकाने घेणाऱ्या माणसावर माझा विश्वास बसायला लागला तो तिथे.

कागदपत्रं पटकन झाली. आरसी, विमा, कर्जाचा बोजा नसल्याचा दाखला, नावबदलाचे अर्ज. मालकाकडून थेट घेतली तर जीएसटीचा प्रश्न येत नाही. विक्रेत्याकडून घेतली तर त्याच्या नफ्यावर १८ टक्के लागतो. जैसलमेरला डिसेंबर २०२४ मध्ये झालेल्या जीएसटी परिषदेच्या बैठकीत तो १२ टक्क्यांवरून वाढवला गेला. कर्नाटकानेही विजेच्या गाड्यांना दिलेली पूर्ण करमाफी २०२४ मध्ये आवरती घेतली आणि २५ लाखांवरच्या नव्या गाडीला १० टक्के आजीवन कर लावला. म्हणजे तीच गाडी आज नवी घेतली तर दहा लाख नुसते करातच गेले असते. हे वहिनीने हिशोबात धरलं होतं. दादाने नव्हतं.

दुसऱ्या दिवशी गाडी जेपी नगरकडच्या एका गॅरेजात रॅम्पवर चढवली. खालून बघितलं की या गाडीचं खरं रूप कळतं. चाकांच्या मधला सगळा भाग म्हणजे एकच चपटी, ॲल्युमिनियमने झाकलेली पेटी. ई-ट्रॉन ५५सारख्या गाडीत अशा पेटीत ३६ मॉड्यूल आणि ४३२ सेल असतात. बंगळुरूचे हंप कुप्रसिद्ध आहेतच, त्यामुळे पेटीच्या तळाला ओरखडे होते. मामांनी प्रत्येक ओरखड्यावर बोट फिरवलं. ओरखडा चालतो, खोक नको. मग कूलंटच्या नळ्यांच्या सांध्यांशी पुन्हा नाक. कूलंटला गोडसर वास असतो, आणि तो गळून पेटीत शिरला तर तिथून पुढे खर्च सुरू होतो. ब्रेकच्या चकत्यांवर गंजाची कड होती. मला वाटलं हा दोष. उलट आहे. मोटारच गाडी थोपवते आणि थोपवताना वीज परत भरते, त्यामुळे ब्रेक फार वापरलेच जात नाहीत. टायर मात्र अडीच टनांच्या वजनाने पार झिजलेले, आणि सस्पेन्शनचे बुश बदलायला आलेले. बोनेटखाली आणखी एक साधी बारा व्होल्टची बॅटरीही असते. ती मेली की चारशे व्होल्टची महागडी पेटी भरलेली असूनही गाडीचं दारसुद्धा उघडायला मारामार. मामांनी ती ताबडतोब बदलायला सांगितली.

आता मुख्य प्रश्न. पेटी किती शिल्लक आहे?

कंपनी तुम्हाला हे पडद्यावर दाखवत नाही. गाडीच्या संगणकाला सगळं माहीत असतं. प्रत्येक सेलचं व्होल्टेज, जलद चार्ज किती वेळा झाला, उन्हात किती तापली. पण कोटभर रुपये मोजणाऱ्या मालकाला त्यातलं काही विचारायची सोय नाही, आणि दुसऱ्या मालकाला तर नाहीच. मला हे सरळसरळ गैर वाटतं. युरोपीय संघाने १८ फेब्रुवारी २०२७पासून अशा प्रत्येक बॅटरीला स्वतःचा पासपोर्ट सक्तीचा केलाय आणि तिची तब्येतही त्यात कळायची आहे. मामांकडे तोवर एक स्कॅनर आणि एक वीजमीटर आहे.

स्कॅनर लावून त्यांनी गाडी नाईस रोडवर नेली आणि एक्सलरेटर पूर्ण दाबला. त्यांची नजर वेगाकडे नव्हती, सर्वांत वरच्या आणि सर्वांत खालच्या सेलमधल्या फरकाकडे होती. जोर लागला की एखादा दुबळा सेल एकटाच खाली बसतो. इथे सगळे एकत्र खाली गेले आणि एकत्र वर आले. स्कॅनर म्हणाला, तब्येत ९३ टक्के.

मामांचा त्यावर विश्वास नाही. त्यांनी आधीच्या रात्री मालकांच्या अंगणात आपला मीटर जोडून ठेवला होता. गाडी दहा टक्क्यांवर आणून लावायची आणि शंभरावर काढायची. भिंतीतून निघालेल्या विजेतली दहाएक टक्के वाटेत उष्णतेत जाते आणि भरायची राहिलेली पेटीही नव्वद टक्केच असते. दोन्ही दहा टक्के एकमेकांना काटतात, म्हणून मीटरवरचा आकडा म्हणजेच पूर्ण पेटीचा आकडा. कागदपेन्सिल लागत नाही. सकाळी मीटरवर ७३ युनिट होते. नवी असताना वापरायला मिळायचे ८०. म्हणजे ९१ टक्के.

“रोज दीडशे किलोमीटर म्हंजे काय?” मामा दादाला समजावत होते. “संध्याकाळी चाळीस-पंचेचाळीस टक्के उरलेलं, रातभर हळू चार्ज, सकाळी ऐंशी. पुन्ना तेच. याच्यापेक्षा सुखाचं आयुष्य बॅटरीला न्हाई, सर.” मी मनात भागाकार केला. एका पूर्ण चार्जला पावणेचारशे-चारशे किलोमीटर धरले तर चार वर्षांत या पेटीची पूर्ण भरून रिकामी होण्याची आवर्तनं साडेतीनशेच्या आसपास झालीत. या जातीचे सेल हजाराच्या वर आवर्तनं काढतात. कॅनडातल्या जिओटॅब कंपनीने हजारो गाड्यांची माहिती तपासून २०२४ मध्ये घसरण वर्षाला सरासरी १.८ टक्के काढली, आणि गरम हवा व सततचा जलद चार्ज यांना दोष दिला. समुद्रसपाटीपासून नऊशे मीटरवरच्या बंगळुरूत एप्रिलमध्येही पारा चौतीसच्या आसपासच असतो. नागपुरात राहिलेली हीच गाडी असती तर आपण आलोच नसतो, असं मामा म्हणाले. जर्मनीत एका गृहस्थांची टेस्ला २०१९ मध्येच दहा लाख किलोमीटरच्या पुढे गेली, हे दादाने लगेच सांगितलं. तिची बॅटरी आणि मोटार मधे बदलल्या होत्या, हे सांगायचं त्याने टाळलं.

हे सगळं ऐकून वहिनीने एकच प्रश्न विचारला. “आणि एक लाख साठ हजारांनंतर?”

मामा गप्प झाले. हमी वयाने २०२९ पर्यंत आहे, किलोमीटरने उरलेत बावीस हजार. दादा वर्षाला दहा-अकरा हजार चालवतो. म्हणजे दोन वर्षं. क्षमता सत्तर टक्क्यांखाली गेली तर कंपनी बघते, पण तेही तोवरच. नंतर एखादं मॉड्यूल गेलं तर ते सुटं बदलून मिळेल का, हे ज्याच्या त्याच्या नशिबावर. “आख्ख्या पॅकचा भाव इचारू नका, मॅडम,” मामा म्हणाले, “ऐकून गाडी घ्यायची इच्छा राहनार न्हाई.” मला त्यांचा हा प्रामाणिकपणा आवडला, आणि तरी त्यांचं मत ‘घ्या’ असंच होतं. माझंही तेच झालं होतं. वहिनीचं नाही.

संध्याकाळी ती मालकांसमोर बसली आणि तिने टायर, बुश, बारा व्होल्टची बॅटरी यांचा उल्लेखही केला नाही. “सर, कंपनीने तुम्हाला एक लाख साठ हजार किलोमीटर बिनघोर दिले होते,” ती म्हणाली, “त्यांतले एक लाख अडतीस हजार तुम्ही वापरलेत. बावीस हजार आम्हाला देताय. मग किंमत कशाची लावताय?”

मालक म्हणाले, बॅटरी ९१ टक्के आहे, तुमच्याच माणसाने मोजलीय.

“ती आज ९१ आहे. तुमच्याकडे होती तेव्हा बिघडली असती तर खर्च कंपनीचा. आमच्याकडे बिघडेल तेव्हा आमचा.”

बराच वेळ हायवेचे किलोमीटर आणि बावीस हजार किलोमीटर यांची ओढाताण चालली. मालकांच्या सौभाग्यवती आतून दुसऱ्यांदा कॉफी घेऊन आल्या आणि नवऱ्याला कन्नडमध्ये हळूच काहीतरी बोलल्या. मामांना ते कळलं, कारण ते हसले. साडेचौतीस लाखांवर तुटलं. दादाने तिथल्या तिथे बयाणा पाठवला.

परतताना मामांना साउथ एंड सर्कलला सोडायचं होतं. तिथून मेट्रो धरून ते दुसरी गाडी बघायला जाणार होते. याच वयाची, तीही जर्मन, पण मीटरवर फक्त नऊ हजार किलोमीटर, एका बिल्डिंगच्या तळघरात उभी. मालक परदेशात, गाडी कायम शंभर टक्के चार्ज करून ठेवलेली, आणि विकणारा मोठ्या अभिमानाने पासष्ट लाख सांगतोय. दादा म्हणाला, “मग ती तर नवीच झाली की, मामा.”

“तिला दोन दिवस लागनार, सर,” मामा पिशवी उचलत म्हणाले. “तळघरात पाणी कुठवर आलं हुतं, ते आधी वॉचमनला इचारायचंय.”