ॲक्युपंक्चरचे बिल आणि आरोग्य विमा : गैरसमज आणि वस्तुस्थिती

ॲक्युपंक्चरचा उपचार सहसा एका भेटीत संपत नाही. गुडघा, कंबर, मान किंवा खांद्याच्या जुन्या दुखण्यासाठी आठवड्यातून एक-दोन सीटिंग घ्याव्या लागतात आणि हा क्रम काही आठवडे चालतो. एका सीटिंगची फी आवाक्यातली वाटली तरी सगळ्यांची बेरीज जड जाते. उरण, अलिबाग, मुरुड, श्रीवर्धन या रायगडच्या किनारपट्टीवर तिचा भार पावसाळ्यात अधिक जाणवतो. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, त्याच सुमारास भातलावणीत वाकून वाकून कंबर धरते आणि घरात रोख पैसा कमी असतो. अशा वेळी मुंबईला नोकरी करणाऱ्या मुलाचा मेडिक्लेम किंवा घरातले आयुष्मान कार्ड आठवते. यांपैकी कशातून काय मिळते याबद्दल मात्र बरेच गैरसमज आहेत.

गैरसमज १ : ॲक्युपंक्चर सरकारमान्य आहे, म्हणजे विमा मिळणारच.

वस्तुस्थिती : मान्यता खरी आहे. महाराष्ट्राने २०१५ च्या स्वतंत्र अधिनियमाने ॲक्युपंक्चर चिकित्सेला कायद्याची चौकट दिली. त्यानुसार महाराष्ट्र ॲक्युपंक्चर परिषद स्थापन झाली आणि ती चिकित्सकांची नोंदणी करते. केंद्र सरकारच्या आरोग्य संशोधन विभागानेही फेब्रुवारी २०१९ मध्ये ॲक्युपंक्चरला स्वतंत्र उपचारपद्धती म्हणून मान्यता दिली. ही मान्यता उपचार कोणी आणि कसा करावा यासंबंधी आहे. विमा हा कंपनी आणि ग्राहक यांच्यातला करार असतो. त्यात जे लिहिले आहे तेवढेच मिळते. पॉलिसीतली ‘वैद्यकीय व्यवसायी’ची प्रचलित व्याख्या राज्य वैद्यक परिषद, भारतीय चिकित्सा परिषद किंवा होमिओपॅथी परिषदेकडे नोंद असलेल्यांपुरती असते. तिच्यात ॲक्युपंक्चर परिषदेचा उल्लेख नसतो. त्यामुळे चिकित्सक कायदेशीर असूनही त्याचे बिल विम्याच्या दृष्टीने अपात्र ठरू शकते.

गैरसमज २ : विम्यात आयुष उपचार असतात, म्हणून ॲक्युपंक्चरही असते.

वस्तुस्थिती : आयुषमध्ये आयुर्वेद, योग व निसर्गोपचार, युनानी, सिद्ध, सोवा-रिग्पा आणि होमिओपॅथी येतात. ॲक्युपंक्चर त्यात नाही. विमा नियामकाने, म्हणजे आयआरडीएआयने, जानेवारी २०२४ च्या परिपत्रकात आयुष उपचारांना इतर उपचारांच्या बरोबरीने वागवण्याची सूचना विमा कंपन्यांना केली आणि ती १ एप्रिल २०२४ पासून लागू झाली. तिचा फायदा वरील पद्धतींनाच आहे. आयुर्वेदाची पदवी असलेल्या वैद्याने सुया लावल्या म्हणून तो उपचार आयुर्वेदाचा ठरत नाही.

गैरसमज ३ : कॅशलेस नसले तरी सीटिंगची बिले नंतर भरून मिळतात.

वस्तुस्थिती : सर्वसाधारण आरोग्य विमा रुग्णालयात दाखल होण्यासाठी असतो. सलग किमान २४ तास दाखल असणे ही त्याची मूळ अट आहे. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसारख्या डे-केअर उपचारांना तिच्यातून सूट आहे, कारण तंत्रज्ञान सुधारल्यामुळे ते कमी वेळात होतात. ॲक्युपंक्चरची सीटिंग साधारण अर्ध्या तासाची असते आणि रुग्ण आपल्या पायांनी घरी जातो, म्हणून ती बाह्यरुग्ण उपचारात, म्हणजे ओपीडीत, मोडते. १ एप्रिल २०२० पासून सुरू झालेल्या ‘आरोग्य संजीवनी’ या प्रमाणित पॉलिसीतही ओपीडी खर्च वगळला आहे.

काही पॉलिसींत जादा हप्ता भरून ओपीडीचे संरक्षण घेता येते आणि काही कंपन्यांच्या गटविम्यातही ते असते. ॲक्युपंक्चरच्या बिलाला वाव असेल तर तिथेच. मात्र तिथेही वार्षिक मर्यादा, उपचारांची यादी आणि चिकित्सकाच्या पात्रतेची अट पाहावी लागते. विमा कंपनीला किंवा तिच्या वतीने दावे हाताळणाऱ्या संस्थेला, म्हणजे टीपीएला, पहिल्या सीटिंगपूर्वी ईमेलने विचारून लेखी उत्तर घेतलेले बरे. फोनवरचे ‘हो’ दाव्याच्या वेळी उपयोगी पडत नाही.

गैरसमज ४ : एक दिवस ॲडमिट दाखवले किंवा बिलावर फिजिओथेरपी लिहिले की काम होते.

वस्तुस्थिती : दोन्ही गोष्टी खोट्या दाव्यात मोडतात. असा दावा उघड झाला तर पॉलिसीतील फसवणुकीच्या कलमानुसार तिचे सगळे लाभ जप्त होऊ शकतात. मग पुढे त्याच कुटुंबात खरोखर हृदयविकार किंवा अपघात झाला तर हाताशी काहीच उरत नाही. काही हजारांसाठी काही लाखांचे संरक्षण पणाला लावण्याचा हा सल्ला कोणाही हितचिंतकाने देऊ नये आणि कोणत्याही दवाखान्याने मान्य करू नये.

गैरसमज ५ : आयुष्मान कार्डावर किंवा फुले योजनेत हा उपचार मोफत होतो.

वस्तुस्थिती : रायगड हा फुले योजनेच्या अगदी पहिल्या जिल्ह्यांपैकी एक. जुलै २०१२ मध्ये ‘राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना’ या नावाने ती आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत रायगड होता. २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना हे नाव मिळाले. आज ती केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेसोबत राबवली जाते आणि कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण देते. मात्र ती संलग्न रुग्णालयातल्या ठरावीक शस्त्रक्रिया आणि उपचारांसाठी आहे. ॲक्युपंक्चर दवाखान्यातली सीटिंग तिच्यात बसत नाही. गुडघा बदलण्यासारखी शस्त्रक्रिया करावी लागली तर योजनेच्या रुग्णालयातील आरोग्यमित्राकडे पात्रतेची चौकशी करता येते.

गैरसमज ६ : परदेशात विमा मिळतो, म्हणजे इथेही मिळायला हवा.

वस्तुस्थिती : परदेशातही सरसकट मिळत नाही. अमेरिकेत ज्येष्ठांच्या मेडिकेअर योजनेने जानेवारी २०२० पासून ॲक्युपंक्चरचा समावेश केला, पण फक्त जुनाट कंबरदुखीसाठी. ९० दिवसांत १२ सीटिंग, सुधारणा दिसली तर आणखी ८, आणि वर्षात एकूण २० ही तिची मर्यादा आहे. जर्मनीत २००७ पासून सार्वजनिक आरोग्य विम्यात जुनाट कंबरदुखी आणि गुडघ्याची झीज यांसाठीच हा उपचार धरला जातो. रायगडच्या नवगाव, रेवदंडा भागातून इस्रायलला गेलेल्या बेने इस्रायल ज्यू कुटुंबांना तिथल्या आरोग्य निधींच्या पूरक विम्यातून तो सवलतीत मिळू शकतो, पण काही रक्कम स्वतः भरावीच लागते. त्या त्या देशाच्या विमा करारातली ही तरतूद भारतातल्या पॉलिसीला लागू होत नाही.

गैरसमज ७ : यूपीआयचा संदेश आला की वेगळी पावती लागत नाही.

वस्तुस्थिती : त्या संदेशातून पैसे गेल्याचे कळते, ते कशासाठी गेले हे कळत नाही. ओपीडी दाव्यासाठी अनुक्रमांकाची पावती लागते. तिच्यावर पॉलिसीत आहे तसे रुग्णाचे पूर्ण नाव, सीटिंगची तारीख, आजार, रक्कम, चिकित्सकाचे नाव, अर्हता, नोंदणी क्रमांक आणि सही असावी. सेवा दिल्यावर बिल न देणे ही ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ नुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे.

दहा सीटिंगचे पॅकेज आगाऊ भरताना तर कागद अधिकच महत्त्वाचा. प्रत्येक सीटिंगची फी किती, सुधारणा कधी तपासणार आणि उपचार मध्येच थांबला तर उरलेल्या सीटिंगचे पैसे कसे परत मिळणार, हे पैसे देण्यापूर्वी लिहून घ्यावे. दवाखान्यानेही हे आपणहून सांगावे आणि विम्याचा भरवसा स्वतःच्या तोंडाने देऊ नये. मासेमारीच्या बंदीकाळात दर सीटिंगला पैसे देण्याची मुभा असेल, तर पॅकेजपेक्षा ती रुग्णाला सोयीची पडते.

गैरसमज ८ : दावा नाकारला की विषय संपला.

वस्तुस्थिती : दावा नाकारताना कंपनीला पॉलिसीतल्या नेमक्या अटीचा आधार द्यावा लागतो. तो आधार पटला नाही तर प्रथम कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करावी. महिनाभरात उत्तर आले नाही किंवा आलेले उत्तर पटले नाही, तर एका वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जाता येते. तिथे शुल्क नाही, वकील लागत नाही आणि ५० लाख रुपयांपर्यंतचे वाद ऐकले जातात. ॲक्युपंक्चर पॉलिसीत मुळातच वगळलेले असेल तर लोकपालही ते मिळवून देऊ शकत नाही. ओपीडी संरक्षणात हा उपचार नमूद असूनही दावा फेटाळला गेला असेल, तर मात्र पॉलिसीची प्रत, कंपनीचे लेखी उत्तर आणि प्रत्येक सीटिंगची पावती या तीन कागदांवर रुग्णाची बाजू भक्कम उभी राहते.