चोर कीं वाटसरू?

१६ एप्रिल २०२० च्या रात्रीं पालघर जिल्ह्यांतील गडचिंचले येथें चोर आल्याच्या संशयानें जमावानें दोन साधू व त्यांचा वाहनचालक अशा तिघांस ठार मारलें. ते चोर नव्हते. अंत्यविधीसाठीं सुरतेस निघालेले प्रवासी होते. ह्या घटनेचें स्मरण वसई-विरारच्या शस्त्रधारी गृहस्थांनीं सदैव ठेवावें, असें आम्हांस वाटतें.

स्वगृहरक्षणाचा हक्क कायद्यानें नाकारलेला नाहीं. १ जुलै २०२४ पासून अमलांत आलेल्या भारतीय न्याय संहितेचीं कलमें ३४ ते ४४ ह्याच विषयाचीं आहेत. सूर्यास्तानंतर घर फोडून शिरणाऱ्याचा प्रसंगीं प्राणघातक प्रतिकारही त्यांत क्षम्य मानिला आहे. परंतु कलम ३७ ची मर्यादा विसरतां कामा नये: पोलिसांचें साहाय्य घेण्यास अवधि असेल तर हा हक्क उरत नाहीं, आणि गरजेहून अधिक इजा करतां येत नाहीं. पळणाऱ्याच्या पाठींत गोळी घालणें हें स्वरक्षण नव्हे.

मग करावें काय? दार आंतून लावावें, मुलांमाणसांस एका खोलींत घ्यावें, ११२ वर कळवावें आणि 'कोण आहे?' असें मोठ्यानें विचारावें. अंधारांतील ती सावली उशिरां परतलेल्या आपल्याच मुलाची असूं शकेल. शोधार्थ बाहेर पडूं नये.

पोलीस वेळेवर येत नाहींत, अशी तक्रार कोणी करील. ती खरी असल्यास अधिक गस्त मागावी. संशयितास स्वतःच शिक्षा देणें हा तिजवरील उपाय नव्हे. गेलेला ऐवज पुन्हां मिळवितां येतो. घेतलेला प्राण परत देतां येत नाहीं.