जुनी यंत्रं आणि लिनक्स, भाग ६ : पीसीचं कार्ड सनच्या पेटीत

मागच्या भागात सन अल्ट्रा ५ वर लिनक्स चढवून आपण थांबलो. लॉगिन आलं, पण पेनड्राइव्ह लावायचा कुठे? १९९८ सालच्या या पेटीला यूएसबी मुळी नाहीच.

आत मात्र तीन पीसीआय स्लॉट आहेत. पीसीआय १९९२ मध्ये इंटेलने आणलं खरं, पण सन, ॲपल, डिजिटल या सगळ्या कंपन्यांनीच ते पुढे उचललं. त्यामुळे जळगावच्या गोलाणी मार्केटात किंवा धुळ्यात आग्रा रोडला जुन्या पार्टांच्या खोक्यात पीसीचं यूएसबी कार्ड हाती लागलं, तर ते इथे बसू शकतं.

घेण्याआधी कार्डाचे सोनेरी दात बघा. त्यांत दोन खाचा असतील तर निर्धास्त घ्या. पत्र्याच्या पट्टीकडची एकच खाच असेल तर ते फक्त ३.३ व्होल्टचं, अल्ट्रा ५चे स्लॉट ५ व्होल्टचे, तिथे जोर लावू नका. आपल्याकडची धूळ खाऊन दात काळवंडले असतील तर साधं खोडरबर हलक्या हाताने फिरवा. कार्ड मेलंय असं ठरवण्याआधी एवढं कराच.

आता खरी गोम. पीसीच्या कित्येक कार्डांवर एक छोटी रॉम असते आणि तिच्यातला प्रोग्राम इंटेलच्या प्रोसेसरसाठी लिहिलेला असतो. सनच्या ओपनबूट या फर्मवेअरला फोर्थ भाषेच्या वळणाचा एफकोड कळतो. इंटेलच्या सूचना त्याच्या गावीही नसतात. नेटवर्क आणि यूएसबी कार्डांचं यावाचून अडत नाही, कारण लिनक्सचा ड्रायव्हर रॉमला न विचारता थेट चिपशी बोलतो. डिस्प्ले कार्डाचं अडतं. मॉनिटरवर काही उमटायच्या आधी त्या रॉमनेच चिप जागी करायची असते. डिजिटलने अल्फा यंत्रांच्या एसआरएम कन्सोलमध्ये इंटेलची नक्कल करणारा प्रोग्रामच घातला होता, म्हणून तिथे साधी व्हीजीए कार्डं चालत. सनने तसं केलं नाही. तेव्हा डिस्प्ले कार्डाच्या नादी लागू नका, आतली एटीआयची चिप पुरेशी आहे.

दुसरी भानगड बाइटच्या क्रमाची. अल्ट्रास्पार्क मोठा बाइट आधी ठेवतो, पीसीआय लहान. कर्नलची ठरलेली फंक्शनं हा क्रम स्वतःच उलटवतात, पण घाईत फक्त पीसीसाठी लिहिलेला ड्रायव्हर इथे आकडे उलटे वाचतो. म्हणून कर्नलसोबतच येणाऱ्या ड्रायव्हरची कार्डं निवडा. रियलटेक ८१३९ किंवा एनईसी चिपचं यूएसबी कार्ड चांगलं. लावल्यावर एलएसपीसीआय चालवा. यादीत नाव दिसलं की तारांचं काम झालं, पुढचं ड्रायव्हरकडे.

यूएसबीचा कीबोर्ड मात्र ओपनबूटच्या ‘ओके’ प्रॉम्प्टपाशी चालणार नाही, कर्नल उठल्यावरच चालेल. बूटही यूएसबीवरून होणार नाही. सनचा कीबोर्ड आणि आतली हार्डडिस्क काढून टाकू नका. पुढच्या आठवड्यात नेटवर्कवरून बूट.